कांद्याच्या सालीत रंगलेली ईस्टरची अंडी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ईस्टरला अजून दोन-तीन आठवडे असतील तर आजपासून एकच काम करा. कांदा सोलताना निघणाऱ्या कोरड्या साली केरात टाकू नका, कागदी पिशवीत साठवा. बाकीची तयारी आदल्या दिवशीही होते, साली मात्र एका दिवसात जमत नाहीत.

ही पद्धत मी पोलंडमध्ये शिकले. व्रॉत्सवाफ शहरात आम्ही भाड्यानं राहत होतो, खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. पोलिश भाषेत बाईंना आदरानं ‘पानी’ म्हणतात, पण आमच्या लेकीनं पहिल्याच आठवड्यात त्यांची आजी करून टाकली आणि मग आम्हीही आजीच म्हणू लागलो. आजींच्या स्वयंपाकघरात दारामागे एक कापडी पिशवी टांगलेली असायची. फेब्रुवारीत ती रिकामी दिसायची आणि ईस्टर जवळ येईल तशी फुगत जायची. आत फक्त कांद्याच्या साली. आता आम्ही पुण्यात परत आलो, तरी तशीच पिशवी आमच्या दारामागे असते.

ईस्टर आणि अंडी यांचं नातं उपवासाशी आहे. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ युरोपात पूर्वी फार कडक पाळत. मांस नाही, दूध-लोणी नाही आणि अंडीही नाहीत. कोंबड्यांना उपवास नव्हता, वसंतात त्या उलट जोमानं अंडी घालतात. त्यामुळे उपवास सुटायच्या वेळी घराघरांत अंड्यांचा साठा झालेला असे. शिवाय बंद कवच फोडून बाहेर येणारा जीव हे येशूच्या पुनरुत्थानाचं कुणालाही कळेल असं चिन्ह. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या घरखर्चाच्या हिशेबात ४५० अंडी रंगवून आणि वर्ख लावून घेण्यासाठी १८ पेन्स खर्च झाल्याची नोंद आहे.

पोलंडमध्ये अंडं कसं सजवलं त्यावरून त्याला वेगळं नाव असतं. एकाच रंगात बुडवलेली ती क्राशान्का. मेणानं नक्षी काढून रंगवलेली ती पिसान्का. रंगवून मग खरवडलेली ती द्रापान्का. वर कागद किंवा गवताचा गाभा चिकटवलेली ती ओक्लेयान्का. आपण क्राशान्कापासून सुरुवात करायची आणि हात बसला की द्रापान्काकडे जायचं. आपल्याकडे मुंबईत नि गोव्यात ‘ईस्टर एग’ म्हटलं की बेकरीतलं मार्झिपानचं अंडं आठवतं, काजू-बदामाच्या गोळ्याचं आणि वर साखरेची फुलं काढलेलं. तेही मला मनापासून आवडतं. पण ते विकत आणतात. हे घरात, सगळ्यांनी ओट्याभोवती जमून करायचं असतं.

तारीख कशी काढायची, हे बरेच जण विचारतात. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे कालनिर्णयात होळी आणि हनुमान जयंती बघितली की अंदाज येतो. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये होळीची पौर्णिमा २२ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला. पोलंडमध्ये अंडी पवित्र शनिवारच्या सकाळपर्यंत तयार हवीत, कारण त्या दिवशी अंडी, पाव, मीठ आणि सॉसेज टोपलीत घालून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. त्यामुळे रंगवायचं काम गुरुवारी-शुक्रवारी उरकतात. आपणही तोच वेळ धरू.

पहिल्यांदा कांदाच का

कारण तो फसवत नाही. नवखी माणसं हमखास बीट घेतात, पातेल्यात लालभडक पाणी बघून खूश होतात आणि अंडं बाहेर काढल्यावर मळकट गुलाबी-तपकिरी रंग बघून नाउमेद होतात. बिटाचा रंग उष्णतेनं मोडतो. पालकाचा हिरवा तर कवचावर बसतच नाही म्हटलं तरी चालेल. कांद्याच्या सालीतला रंग उकळी सहन करतो, कवचाला पक्का धरतो आणि अंडं त्याच पाण्यात उकडूनही निघतं. एक पातेलं, एक गॅस, काम झालं.

पोलंडमधला रोजचा कांदा पिवळ्या सालीचा. त्याचा रंग नारिंगीकडून विटकरीकडे जातो. आपला कांदा लाल सालीचा असल्यामुळे आपली अंडी अधिक गडद होतात, चॉकलेटी झाक असलेली मरून. दोन्ही कांदे वापरून बघितल्यावर सांगते, हा आपल्याकडचा रंग जास्त देखणा आहे. नाशिककडचा उन्हाळ कांदा असेल तर साल जरा फिकी असते, मग साली थोड्या जास्त घ्यायच्या. घरच्या साली कमी पडल्या तर मंडईत कांदेवाल्याकडे मागा. गोणी रिकामी झाली की तळाशी सालींचा ढीग असतो, आणि मला आजवर कुणी त्याचे पैसे घेतलेले नाहीत. काजळीसारखी काळी बुरशी धरलेल्या साली मात्र निवडून टाकून द्या.

काय काय लागेल

सहा अंड्यांसाठी दहा-बारा मध्यम कांद्यांच्या साली, एक लिटर पाणी आणि दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर. स्टीलचं पातेलं, अंडी एका थरात बसतील एवढं. लोखंडी कढई नको, लोखंडानं रंग काळपट होतो. ॲल्युमिनियमवर व्हिनेगर काम करतं, तेही नको. गाळणी, झारा, जुना पंचा आणि अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे.

अंडी पांढरी घ्या. पोल्ट्रीची नेहमीची अंडी उत्तम. गावरान अंड्याचं कवच मुळात फिकट तपकिरी असतं, त्यावर कांद्याचा रंग फार खोल चढतो आणि तो सुंदरही दिसतो, पण पानांचा ठसा पांढराशुभ्र उठत नाही. कडकनाथ कोंबडी काळी असली तरी तिचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरीच असतं, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

अंडी आठवडाभर आधी आणून फ्रिजमध्ये ठेवली तर उकडल्यावर सोलायला सोपी जातात. अगदी ताज्या अंड्याचं पांढरं कवचाच्या पापुद्र्याला चिकटून राहतं.

रंगवायच्या आधी

अंडी तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. गार अंडं तापत्या पाण्यात गेलं की तडकतं, आणि तडकलेल्या जागेतून रंग आत शिरतो. मग प्रत्येक अंडं उजेडात फिरवून बघा. केसासारखी बारीक चीर असेल तर ते बाजूला काढून आमलेटला वापरा.

अंडी कोमट पाण्यानं हलक्या हातानं धुवा आणि व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडानं एकदा पुसून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर डाग का पडले म्हणून विचारतात. कवचावर बोटांचं तेल लागलेलं असतं आणि तेवढ्या जागी रंग धरत नाही. पुसल्यानंतर अंडं शक्यतो चमच्यानं किंवा कापडानं उचला. घासणीनं घासू मात्र नका. कवचाच्या वर प्रथिनाचा अगदी पातळ थर असतो, रंग धरायला त्याची मदत होते, तो खरवडला गेला की रंग ठिकठिकाणी वेगवेगळा चढतो.

पानांचा ठसा

साधा एकरंगी रंग हवा असेल तर ही पायरी सोडून पुढे जा. पण मी म्हणेन, पहिल्याच वर्षी निदान दोन अंड्यांवर पानं लावाच. पान अंड्यावर पातळ मोज्यानं बांधून ठेवायचं असतं, आणि उकडल्यावर तो मोजा सोडून बघतानाचा क्षण मुलं विसरत नाहीत. माझी लेक आता कॉलेजात आहे, तरी मोजे सोडायचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही.

पान पातळ, मऊ आणि कडा नक्षीदार असलेलं हवं. कोथिंबिरीचं सर्वांत सोपं आणि खात्रीचं. चिंचेची किंवा शेवग्याची कोवळी डहाळी फार नाजूक ठसा देते. मेथीचं चालतं. कढीपत्ता ताठ असतो, अंड्याच्या गोलाईवर बसत नाही. बागेतलं ओळखीचं नसलेलं पान घेऊ नका, ही अंडी खायची आहेत. कण्हेरीचं पान तर अजिबात नको, ते विषारी आहे.

पान पाण्यात बुडवून अंड्यावर पसरा आणि बोटानं कडा दाबून बसवा. आता त्यावर नायलॉनचा पातळ मोजा चढवायचा. पोलंडमध्ये जुन्या स्टॉकिंग्जचे तुकडे वापरतात. आपल्याकडे सँडलवर घालायचे अंगाच्या रंगाचे घोट्यापर्यंतचे पातळ सॉक्स मिळतात, ते धुऊन वापरले की काम होतं. अंडं आत सरकवा, मोज्याचं तोंड मागच्या बाजूला पिळून दोऱ्यानं घट्ट बांधा. सगळी कला या घट्टपणात आहे. मोजा ढिला राहिला तर पानाखाली रंग शिरतो आणि कोथिंबिरीच्या जागी नुसता ढग उमटतो. बांधल्यावर बोट फिरवून बघा, पान जराही सरकता कामा नये.

उकळायची वेळ

साली पाण्यात घालून पातेल्यावर झाकण ठेवा आणि मंद आचेवर अर्धा तास उकळू द्या. पाणी कोरा चहा फार कडक झाल्यासारखं दिसायला हवं. गॅस बंद करून ते पूर्ण निवू द्या आणि गाळा. काही जण साली तशाच ठेवतात, त्यानं अंड्यावर संगमरवरासारखे डाग पडतात. तेही छान दिसतं, पण एकसारखा रंग हवा तर गाळलेलंच पाणी घ्या.

गाळलेल्या गार रंगात व्हिनेगर घाला. व्हिनेगर कवचाला अगदी किंचित खरखरीत करतं आणि रंग घट्ट धरायला मदत करतं. बारीक बुडबुडे दिसतील, घाबरायचं कारण नाही. कवच मुख्यतः चुनखडीचं असतं आणि आम्लाची चुनखडीशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड निघतो. मात्र ‘जास्त घातलं तर जास्त रंग’ असं होत नाही. व्हिनेगर अती झालं की कवचाचा वरचा थरच भुसभुशीत होतो आणि पुसताना रंगासकट निघून येतो.

अंडी एकेक करून रंगात सोडा, ती पूर्ण बुडायला हवीत. आच मध्यम ठेवा. उकळी फुटू लागली की आच लगेच कमी करा आणि दहा-बारा मिनिटं मंद बुडबुड्यांवर उकडा. खळखळ उकळलं तर अंडी एकमेकांवर आपटून फुटतात. फार वेळ उकडलं तर पिवळ्याभोवती हिरवट कडा येते. ती अपायकारक नसते, पण चव आणि रूप दोन्ही जातं. सगळी अंडी एकसारखी रंगावीत म्हणून अधूनमधून झाऱ्यानं हळूच फिरवा.

गॅस बंद केल्यावर एक अंडं काढून बघा. रंग फिका वाटला तर पातेलं निवलं की रंगासकट फ्रिजमध्ये ठेवा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळपर्यंत रंग दुप्पट खोल होतो. उकडताना तडकलेलं अंडं मात्र रात्रभर ठेवू नका, ते त्याच दिवशी खाऊन टाका.

बाहेर काढलेलं अंडं ओलं असताना घासू नका. ट्रे पालथा घालून त्याच्या टोकांवर अंडी सुकायला ठेवा. मोजा कात्रीनं कापा, पान अलगद सोला आणि मग सुकवा. पूर्ण वाळल्यावर बोटाच्या टोकावर थेंबभर गोडं तेल घेऊन कापडानं फिरवा. मंद दिसणारा रंग एकदम जिवंत होतो. आजी तेलाऐवजी डुकराच्या चरबीचा तुकडा फिरवायच्या, शेंगदाणा तेलानं तीच चमक येते.

खरवडून नक्षी: द्रापान्का

व्रॉत्सवाफच्या आग्नेयेला ओपोले नावाचं शहर आहे. तिथे उत्खननात दहाव्या शतकातली नक्षीदार अंडी सापडली आहेत, आणि आजही त्या भागातल्या बायका खरवडलेल्या अंड्यांसाठी ओळखल्या जातात. तिथे त्यांना क्रोशोन्का म्हणतात. अंडं गडद रंगवायचं आणि टोकदार हत्यारानं वरचा रंग काढत जायचं. खालचं पांढरं कवच दिसू लागतं, तीच रेघ. फुलं, पानं, वेली यांनी अंडं इतकं भरून टाकतात की बोट ठेवायला जागा उरत नाही.

यासाठी रात्रभर मुरलेलं, पूर्ण वाळलेलं आणि तेल न लावलेलं अंडं घ्या. तेल आधी लावलं तर हत्यार घसरतं. हत्यार म्हणून कंपासपेटीतलं कर्कटक उत्तम. जाड सुई पेन्सिलीच्या मागच्या रबरात खुपसली तरी चालते. अंडं दुमडलेल्या पंच्यावर, डाव्या तळहातात, न आवळता धरा.

दाबायचं नाही, हे सर्वांत महत्त्वाचं. एकाच जागी तीन-चार वेळा हलकेच ओढलेली रेघ एका जोरकस रेघेपेक्षा स्वच्छ येते आणि कवचही शाबूत राहतं. आधी अंड्याच्या पोटाभोवती एक रेघ मारा, मग वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत दोन. आता कप्पे झाले, एकेक कप्पा भरत जा. मला इथे रांगोळीचा सराव कामी आला. ठिपके आधी, रेघा नंतर. चुरा तोंडानं फुंकू नका, डोळ्यांत जातो. कोरड्या ब्रशनं झाडा. पहिल्या अंड्याला तास-दीड तास सहज लागतो. उकडलेलं अंडं इतका वेळ बाहेर राहणार असेल तर ते खायचं नाही, फक्त ठेवायचं असं आधीच ठरवा. आणि कर्कटक लहान मुलांच्या हाती देऊ नका, त्यांना पानं बांधायचं काम भरपूर असतं.

बाकीचे रंग

कांदा जमला की हळद. एक लिटर पाण्यात तीन मोठे चमचे, पंधरा-वीस मिनिटं उकळून फडक्यातून गाळा, व्हिनेगर तेवढंच. लख्ख पिवळा येतो. पण अंडं साबणानं धुवायचं नाही. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा लाल होतो, हे आपल्याला ठाऊकच आहे, साबणाच्या पाण्यातही तेच होतं. उन्हात हा रंग उडतोही.

निळ्यासाठी जांभळा कोबी. अर्धा गड्डा चिरून लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, व्हिनेगर घाला. पाणी गुलाबी होईल आणि तुम्हाला वाटेल चुकलं. चुकलेलं नसतं. उकडलेली पांढरी अंडी त्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी ती आकाशी निळी निघतात. या कोबीचा रंग आम्लात गुलाबी आणि अल्कलीकडे निळा असतो, आणि कवचाच्या चुनखडीपाशी आम्ल मरतं.

घाई असेल तर केकमध्ये घालायचा द्रव खाद्यरंग. अर्धा कप गरम पाणी, एक चहाचा चमचा व्हिनेगर, पंधरा-वीस थेंब रंग, पाच मिनिटं. बाटलीवर एफएसएसएआयची खूण आहे ना, एवढं पाहा. धुळवडीचा उरलेला रंग, रांगोळी किंवा कपड्यांचा रंग खायच्या अंड्याला कधीही लावू नका. सण मागेपुढे येतात, घरात पुड्या पडलेल्या असतात आणि मुलं ते करू शकतात, म्हणून मुद्दाम सांगते.

मेणानं लिहायचं असेल तर

पिसान्का हे नाव पोलिशमधल्या ‘लिहिणे’ या क्रियापदावरून आलं आहे. युक्रेनमध्ये तेच पिसांका, आणि ती कला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. अंड्यावर नक्षी काढत नाहीत, लिहितात. आपल्याकडे वारली बायकाही लग्नात भिंतीवर काढायचा चौक ‘लिहितात’ असंच म्हणतात. हे ऐकल्यापासून मला ही दोन्ही कामं जवळची वाटतात.

खरी पिसान्का कच्च्या किंवा पोकळ अंड्यावर, वितळवलेल्या मधमाश्यांच्या मेणानं, फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जात एकावर एक थर देऊन करतात. तिला वेगळा धडा हवा. नवख्यांनी पांढरा मेणाचा खडू किंवा साध्या मेणबत्तीचं टोक घ्यावं, उकडून गार केलेल्या अंड्यावर जोर देऊन रेघा माराव्यात आणि अंडं गार रंगात सोडावं. मेण लागलं तिथे रंग धरत नाही. रंग गरम असेल तर मेण वितळून सगळं पुसलं जातं, म्हणून इथे उकळायचं काम आधी संपवलेलं हवं.

वर्षानुवर्षं ठेवायचं अंडं असेल तर ते पोकळ करा. धुतलेल्या कच्च्या अंड्याला दोन्ही टोकांना दाभणानं छिद्र पाडा, खालचं जरा मोठं. आत दाभण फिरवून पिवळं फोडा आणि सुई नसलेल्या सिरिंजनं वरून हवा भरा, आतलं वाटीत येतं. तोंडानं फुंकण्यापेक्षा हे बरं, कच्च्या अंड्याला तोंड लावू नये. आतून पाण्यानं धुवा आणि दोन दिवस वाळवा. पोकळ अंडं रंगात तरंगतं, त्यावर बशी दाबून ठेवावी लागते.

खाणं आणि ठेवणं

मार्च-एप्रिलमधलं आपलं ऊन लक्षात ठेवा. उकडलेली अंडी टेबलावर सजवून ठेवायची असतील तर तासाभरात परत फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये न सोललेली अंडी आठवडाभर चांगली राहतात. सोलल्यावर पांढऱ्यावर कुठे विटकरी रेघ दिसली तर तो कांद्याचाच रंग आहे, खायला हरकत नाही.

रविवारी सकाळी पोलंडमध्ये जेवायला बसण्याआधी आशीर्वादाचं अंडं सोलून त्याचे तुकडे करतात. घरातलं मोठं माणूस बशी घेऊन प्रत्येकापाशी जातं, एक तुकडा देतं आणि त्या माणसासाठी वर्षभराची इच्छा बोलतं. आजींनी पहिल्या वर्षी आम्हालाही वर बोलावणं धाडून खाली नेलं होतं. बशीत चार फोडी होत्या, मीठ आणि मिरपूड भुरभुरलेल्या, आणि शेजारी एका वाटीत हॉर्सरॅडिश, म्हणजे एका तिखट मुळाचा कीस. लेकीच्या हातावर फोड ठेवून त्या पोलिशमध्ये बराच वेळ काहीतरी बोलल्या. आम्हाला त्यातला ‘आरोग्य’ एवढा एकच शब्द कळला.